मदत हवी आहे: पीटीएएवर पेरोव्स्काइट बसत नाही, कोपरे उघडे राहतात

करवीरकर:
पेरोव्स्काइट सौर सेल बनवतोय. रचना पी-आय-एन, म्हणजे होल (धन भार) नेणारा थर खाली. खालून वर: आयटीओ (काचेवरचा पारदर्शक वाहक थर), पीटीएए (होल नेणारा पॉलिमर), मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड (हेच प्रकाश शोषणारं पेरोव्स्काइट), पीसीबीएम (इलेक्ट्रॉन नेणारा थर), बीसीपी (चांदीआधीचा पातळ थर), चांदी. पीटीएए टोल्यूइनमध्ये ५ मिग्रॅ/मिली, काच ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेरे) ३० सेकंद फिरवून, मग हॉटप्लेटवर १०० अंशांना १० मिनिटं. पेरोव्स्काइट १.४ मोलर, डीएमएफ-डीएमएसओ (दोन द्रावक) ४:१, अँटिसॉल्व्हंट (काच फिरताना टाकून स्फटिक पाडणारा द्रव) क्लोरोबेंझीन. थेंब टाकला की अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. आठातले तीन सेल शॉर्ट, बाकीच्यांचा फिल फॅक्टर (प्रवाह-व्होल्टेज आलेख किती चौकोनी, त्याचं माप) ५५ टक्क्यांच्या आसपास. ग्लोव्ह बॉक्स नाही, नायट्रोजन सोडलेली पेटी आहे. आत आर्द्रता ३० टक्के, बाहेर कोल्हापूरचा जुलै. लिथियम मीठ घालून पीटीएए डोप करू (वाहकता वाढवू), की पेडॉट-पीएसएसवर (पीटीएएच्या जागी चालणारा दुसरा पॉलिमर) परत जाऊ?

पातळथर:
दोन्ही नको. ५ मिग्रॅ/मिली पी-आय-एनसाठी जाड होतं. डोप न केलेल्या पीटीएएची वाहकता फार कमी, त्यामुळे जाडी वाढली की सीरिज रेझिस्टन्स (प्रवाहाच्या वाटेतला अडथळा) वाढतो आणि फिल फॅक्टर बसतो. २ मिग्रॅ/मिलीवर या, ६००० आरपीएम, ३० सेकंद. थर साधारण १० नॅनोमीटरचा येईल. याहून फार पातळ केलं तर मध्येच आयटीओ उघडा पडतो आणि गळती सुरू होते. द्रावण पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळूनच वापरा. बाटली बदलली की लेबलवरचा रेणुभार बघा, त्याने जाडी हलते.

आता गोळा होण्याचं. पीटीएए पाणी आणि ध्रुवीय द्रावक दोन्ही झटकतं. सर्वांत स्वस्त उपाय: थंड झालेल्या थरावर १०० मायक्रोलिटर नुसतं डीएमएफ टाकून ४००० आरपीएमला काही सेकंद फिरवा आणि लगेच, पृष्ठभाग वाळायच्या आत, पेरोव्स्काइटचं द्रावण टाका. डीएमएफमध्ये पीटीएए विरघळत नाही, त्यामुळे थर जागेवर राहतो. मध्ये फोन आला तर ती काच बाद समजा.

रंकाळाकाठ:
पीएफएन-पी२ (द्रावण पसरावं म्हणून पीटीएएवर द्यायचा पॉलिमर) मिळालं तर त्याहून भरवशाचं. मिथेनॉलमध्ये ०.५ मिग्रॅ/मिली, ५००० आरपीएमला काच फिरत असतानाच टाकायचं. वेगळं तापवायची गरज नाही. यूव्ही-ओझोन (अतिनील प्रकाश आणि ओझोनने पृष्ठभाग साफ करणं) खालच्या आयटीओला १५ मिनिटं जरूर द्या, पण पीटीएएवर देऊ नका. भिजणं सुधारलेलं दिसतं खरं, पण पॉलिमरचं ऑक्सिडेशन होऊन व्होल्टेज पडतं.

लिथियम मिठाची कृती एन-आय-पीची (उलट्या क्रमाच्या रचनेची) आहे: पीटीएए १० मिग्रॅ/मिली, वर लिथियम टीएफएसआय (हेच ते मीठ) आणि टर्ट-ब्यूटिलपिरिडीन (सोबतचं पूरक). तिथे पीटीएए पेरोव्स्काइटच्या वर असतं. तुमच्याकडे ते खाली आहे, डीएमएफ पडलं की मीठ धुऊन निघणार. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते परवडणारच नाही. डोप करायचंच असेल तर एफ४-टीसीएनक्यू (डोप करणारा सेंद्रिय रेणू), वजनाने १ टक्का.

पातळथर:
पेडॉटबद्दल राहिलं. त्यावर द्रावण छान पसरतं, पण ते आम्लधर्मी, आयटीओला खातं, आणि ओपन सर्किट व्होल्टेज (प्रवाह न काढता मिळणारं) पीटीएएपेक्षा सहसा कमी येतं. पसरण्याच्या अडचणीसाठी एवढी किंमत मोजू नका. पी३एचटी (होल नेणारा आणखी एक पॉलिमर) स्वस्त असलं तरी इथे तेही सुचवणार नाही.

आधी एक तपासणी करा की. त्याच दिवशी, त्याच द्रावणाचा थर ओझोन दिलेल्या कोऱ्या आयटीओवरही घाला. तोही धुरकट, करडा आला तर दोष आर्द्रतेचा किंवा अँटिसॉल्व्हंट टाकायच्या वेळेचा. तिथे आरशासारखा चकचकीत आणि पीटीएएवर फाटका आला, तर पीटीएएचाच.

करवीरकर:
केली. कोऱ्या आयटीओवर चकचकीत, पीटीएएवर कोपरे उघडे. शॉर्ट न झालेल्या सेलचा जे-व्ही (प्रवाह-व्होल्टेज) आलेख शून्य व्होल्टपाशीच उतरता आहे, ओपन सर्किटपाशी मात्र बऱ्यापैकी उभा.

रंकाळाकाठ:
मग तुमचा मोठा तोटा सीरिजचा नाही, शंटचा (आतल्या आत होणाऱ्या गळतीचा) आहे. उघड्या जागी पीसीबीएम थेट खालच्या थराला टेकतंय. म्हणून क्रम असा ठेवा: ५ मिग्रॅ/मिली तसंच ठेवून फक्त डीएमएफ धुणी (वर सांगितलेलं डीएमएफ टाकून फिरवणं) करा. शून्याजवळचा उतार सपाट झाला की मगच २ मिग्रॅ/मिलीवर या. दोन्ही एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. चांदी चढवण्याआधी प्रत्येक काच दिव्यासमोर धरून छिद्रं बघा, फाटकी तिथेच बाजूला काढा.

करवीरकर:
उद्या आठ काचा, चार धुणीसह, चार धुणीविना. आलेख इथेच टाकतो.