तापमान दुप्पट, तर बाष्पीभवनही दुप्पट?

‘तापमान २० वरून ४० अंश केले की पाणी दुप्पट वेगाने उडते’ असे एका प्रतिसादात म्हटले आहे. हे गणित फसवे आहे, कारण निरपेक्ष मापाने (केल्विनमध्ये, जिथे शून्य म्हणजे खरोखरच सर्वांत कमी तापमान) ही वाढ २९३ वरून ३१३, म्हणजे जेमतेम ७ टक्के भरते. तरीही पाण्याचा संपृक्त बाष्पदाब (हवेत मावेल तितकी वाफ भरल्यावर त्या वाफेचा दाब) मात्र पाऱ्याच्या सुमारे १७.५ वरून ५५ मिलिमीटरवर, म्हणजे तिपटीहून अधिक वर जातो, कारण शेजाऱ्यांची ओढ तोडून पृष्ठभागाबाहेर पडण्याइतकी ऊर्जा मोजक्याच रेणूंकडे असते आणि थोड्या उष्णतेनेही त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

अर्थात प्रत्यक्ष वेग या दाबावर एकट्याने ठरत नाही. हवेत आधीच किती बाष्प आहे, ते वजा करावे लागते. आमच्या गोव्यात जुलैतही पारा २७-२८ अंशांवर असतो, पण ओसरीवर टाकलेला पंचा तिसऱ्या दिवशीही दमटच लागतो आणि त्याला तो ओळखीचा कुबट वास येतो.

गोव्यातल्याच आगरवाड्याच्या मिठागरांत तर आणखी एक गंमत दिसते. मीठ विरघळलेल्या पाण्याचा बाष्पदाब कमी असल्याने, हवेइतक्याच तापमानाचे संपृक्त (आणखी मीठ विरघळू न शकणारे) खारे पाणी सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, म्हणजे हवेत मावेल त्याच्या ७५ टक्के बाष्प असताना, आटायचेच थांबते. उन्हाने उथळ कोंडीतले पाणी हवेपेक्षा अधिक तापते, म्हणून मीठ पिकते; आणि पावसाळ्यात आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेही याच आकड्यामुळे.