दहशतवादी हल्ल्याला 'भ्याड' म्हणावे का?

पणजीकर:
हल्ला झाला की निषेधाच्या प्रत्येक पत्रकात 'भ्याड' हे विशेषण ठरलेले असते. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही तेच विशेषण वापरले. स्फोटकांनी भरलेली गाडी ताफ्यावर घालणाऱ्याला आपण मरणार हे पक्के ठाऊक होते. तो क्रूर होता, खुनी होता. भित्रा मात्र नव्हता. २००८ साली मुंबईत उतरलेले दहा जण 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर बळकावून समुद्रमार्गे आले होते. आपल्या गोव्यातल्या मालीम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर उभे राहून विचार केला, तर मरायला तयार होऊन येणाऱ्याला भेकड समजून बंदोबस्त आखणे किती धोक्याचे आहे, हे आपल्या किनाऱ्यावर तरी कोणाला सांगावे लागू नये.

फोंडेकर:
बंदोबस्त पत्रके वाचून आखला जात नाही. मुद्दा शौर्याचा आहे आणि शौर्य केवळ मरणाच्या बेफिकिरीवर ठरत नाही; शस्त्र कोणावर उगारले, यावरही ठरते. सीएसटीवर सामानाच्या बोचक्यांवर बसून गाडीची वाट पाहणाऱ्या बायकापोरांवर रायफल चालवणारा आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून गोळ्या झेलणारे तुकाराम ओंबळे, यांना एका तागडीत कसे तोलणार? शिवाय त्या दहांना फोनवरून हुकूम देणारे स्वतः पाकिस्तानात सुरक्षित बसले होते.

पणजीकर:
फोनवाल्यांबद्दल वाद नाही, त्यांना खुशाल भ्याड म्हणा. परंतु कसाबला भित्रा ठरवल्याने ओंबळ्यांचा पराक्रम मोठा होत नाही, उलट उणावतो. आणि निःशस्त्रांना मारणे हा गुन्हा असताना दोष भित्रेपणाला दिला, तर समोरून, निधड्या छातीने येऊन मारले असते तर चालले असते, असाच त्याचा अर्थ निघतो.

मडगावकर:
दोघेही आत्मघाती हल्लेखोरच डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहात. २००९ च्या दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या मडगावात स्कूटरवरून नेलेल्या स्फोटकांचा स्फोट होऊन ती नेणारे दोघे मरण पावले. ज्यांच्यावर खटला चालला ते आरोपी पुढे निर्दोष सुटले, त्यामुळे त्या कटाविषयी मी काही म्हणत नाही. पण त्या रात्री नरकासुराचे पुतळे पाहायला लोटलेल्या गर्दीत कोणी टायमर लावलेली पिशवी ठेवून घरी निघून गेला, तर त्याने स्वतःचे काय पणाला लावले? त्याला भ्याड म्हणण्यात मला तरी काहीच गैर दिसत नाही.

फोंडेकर:
मग आत्मघातक्याला का वगळायचे? त्याला हुतात्मा ठरवून त्याच्या तसबिरी मिरवणारे असतात. नव्या पोरांना ओढतात ते त्या गौरवाने. तो गौरव मोडायचा असेल, तर हेच विशेषण हवे.

पणजीकर:
त्या पोरांवर त्याचा परिणाम शून्य होतो, कारण मरून दाखवलेल्या माणसाला भित्रा म्हटलेले ती ऐकून सोडून देतात. 'खुनी' म्हटले, तर मात्र मेलेल्यांची नावे पुढे येतात आणि तिथे त्यांच्याकडे उत्तर नसते.