‘लायनर’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न: ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजासाठी कासान्द्र या चित्रकाराने १९३५ साली केलेल्या जाहिरातचित्रावर मी लेख लिहीत आहे. त्यात जहाजाची प्रचंड नाळ, म्हणजे पुढचे टोक, समोरून अंगावर येते आणि तिच्या पायथ्याशी पांढऱ्या पक्ष्यांचा इवलासा थवा दिसतो. त्या थव्यामुळेच जहाजाची उंची डोळ्यांत भरते. ‘ओशन लायनर’साठी मी ‘महासागरी प्रवासी जहाज’ असे लिहिले होते, ते संपादकांनी खोडून ‘आलिशान जलयान’ केले. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण मूळ शब्दातील ‘लाइन’ दोन्हींत हरवते. योग्य शब्द सुचवावा.

प्रतिसाद: आपली शंका रास्त आहे. लाइन म्हणजे ठरलेला मार्ग आणि ठरलेले वेळापत्रक. ऐषआराम हा त्या शब्दाचा अर्थ नव्हे, तो जाहिरातींनी त्याला चिकटवला. फ्रेंचांचा लायनरसाठीचा ‘पाकबो’ हा शब्दसुद्धा इंग्रजी ‘पॅकेट बोट’वरून, म्हणजे टपाल नेणाऱ्या बोटीवरून आला आहे. म्हणून मी ‘टपालबोट’ सुचवतो.

प्रतिसाद: तीनशे मीटरहून लांब असलेल्या ‘नॉर्मंडी’ला टपालबोट म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर खाडीतली होडी उभी राहील. त्यापेक्षा संस्कृतातून नवा शब्द घडवावा.

प्रतिसाद: नवा शब्द कशाला? सावरकरांनी १९१० साली मार्सेलिसला ‘मोरिया’ बोटीतूनच उडी मारली, असे आपण शाळेपासून म्हणत आलो, आणि ती पी अँड ओ कंपनीची लायनरच होती. इंग्रजीत बोट लहान असते. मराठीत लहान ती होडी, मचवा किंवा पडाव, आणि मोठी ती बोट.

प्रतिसाद: याच कंपनीच्या मुंबईच्या फेऱ्यांवरून ‘पॉश’ शब्द आला ना? जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची केबिन, म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे, असे वडील सांगत.

प्रतिसाद: ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.

प्रतिसाद: बोटीचा मराठीतला खरा मुक्काम ‘बोट लागणे’ या प्रयोगात आहे. रत्नागिरीला पडावातून उतरताना आमची आजी गालात आवळासुपारी धरून बसे आणि ‘मला बोट लागत नाही, पडाव लागतो’ असे बजावून सांगे. ‘गाडी लागणे’ हा प्रयोग यावरूनच आला असावा, असे मला वाटते.

प्रतिसाद: आमच्याकडे घाटावर समुद्र नाही, तरी गाडी लागतेच. उलटाही प्रवास झाला असेल.