डिस्ने वर्ल्ड, ऑरलँडो: सात रात्री दोन हॉटेलांत विभागाव्यात का?

चिंचेचं_बन:
ऑक्टोबरात सात रात्रींसाठी जातोय. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ४ वर्षांची, शिवाय पुण्याहून आलेले सासू-सासरे. एकूण सहा डोकी. नेवार्कहून विमानाने, तिथे गाडी भाड्याने घेणार नाही.

सातही रात्री ॲनिमल किंगडम लॉज परवडणार नाही, पण सकाळी उठून बाल्कनीतून जिराफ बघायची हौस सगळ्यांनाच आहे. म्हणून आधी चार रात्री आर्ट ऑफ ॲनिमेशनचा फॅमिली स्वीट आणि मग तीन रात्री लॉज, असा बेत आहे. सामान कोण हलवणार? तिकिटं कुठल्या बुकिंगला जोडायची? बदलीचा दिवस फुकट जातो का? सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, हेही धरून सांगा.

फलाट_पाच:
सामानाची चिंता सोडा. डिस्नेच्या स्वतःच्या एका हॉटेलातून दुसऱ्यात ते सामान पोचवतात, पैसे घेत नाहीत. बदलीच्या दिवशी सकाळी लॉबीतल्या बेल सर्व्हिसेसकडे (सामान सांभाळणारा काउंटर) बॅगा द्यायच्या आणि पुढचं हॉटेल सांगायचं. इथे एक खाच आहे: लॉज म्हणजे जांबो हाउस आणि किदानी व्हिलेज अशा दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळ्या लॉब्या. नुसतं ‘ॲनिमल किंगडम लॉज’ म्हणू नका, इमारतीचं नाव सांगा आणि चिठ्ठीवर दुसऱ्या बुकिंगचा क्रमांक लिहिलाय ना ते बघा. मिळालेल्या पावत्यांचा फोटो काढून ठेवा. बॅगेमागे एक-दोन डॉलर टिप देतात.

खोलीवर माणूस बोलावता येतो, पण त्या वेळी निम्मं हॉटेल निघालेलं असतं. पार्क उघडण्याआधीचा मोलाचा वेळ वाट बघण्यात जातो. ट्रॉली घेऊन आपणच खाली उतरवलेलं बरं.

सामान सहसा दुपारी पोचतं, कधी संध्याकाळही होते. म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये पासपोर्ट, सगळ्यांची औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि धाकट्याचा कपड्यांचा एक जोड. फ्रिजमधल्या वस्तू ते हलवत नाहीत. दूध-दही आदल्या रात्रीपर्यंत संपेल इतकंच आणा.

चेक-आउट ११ वाजता. नव्या खोलीचा ताबा दुपारी ३ ला, व्हिला असेल तर ४ ला. ऑनलाइन चेक-इन दोन्ही बुकिंगचं वेगवेगळं करायचं, कार्ड आणि पिनसुद्धा पुन्हा द्यायचा. हे राहून गेलं की नवीन हॉटेलात मॅजिकबँडवर (खोलीची किल्ली आणि खरेदी दोन्हींसाठी चालणारा मनगटी पट्टा) खरेदी होत नाही आणि लोकांना वाटतं बँड बिघडला. खोली तयार झाली की ॲपवर क्रमांक येतो. बँड जुनाच चालतो. दार उघडलं नाही तर काउंटरवर दोन मिनिटांत जोडून देतात.

हिशेबी_माणूस:
सगळ्यात महाग चूक तिकिटांत होते. साइटवर हॉटेल निवडलं की ती तिकिटांसकट पॅकेज पुढे करते. दोन्ही हॉटेलांना तसं घेतलंत तर एका लांब तिकिटाऐवजी दोन आखूड तिकिटं पदरात पडतात. डिस्नेचं तिकीट जितक्या जास्त दिवसांचं, तितका दर दिवसाचा भाव उतरतो. म्हणजे ३ अधिक २ दिवसांची दोन तिकिटं ही ५ दिवसांच्या एका तिकिटापेक्षा महागच, आणि इथे ते गुणिले सहा.

दोन्हीकडे फक्त खोली घ्या, तिकिटं वेगळी. ५ दिवसांचं तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून ८ दिवसांत वापरता येतं. सात रात्री म्हणजे कॅलेंडरचे आठ दिवस, तेव्हा नेमकं बसतं आणि मध्ये विश्रांतीलाही दिवस उरतात. ३ ते ९ वयाला मुलांचा दर, १० पासून मोठ्यांचा. थोरल्याचा वाढदिवस प्रवासाच्या आधी येत नाही ना, बघून घ्या. सगळी बुकिंग्ज आणि तिकिटं एकाच माय डिस्ने एक्सपीरियन्स (डिस्नेचं ॲप) खात्यात जोडा.

फक्त-खोली बुकिंगला एका रात्रीचं भाडं आगाऊ भरावं लागतं, म्हणजे इथे प्रत्येक बुकिंगचं वेगळं. रद्द करायची मुदत मात्र सैल: खोली किमान ५ दिवस आधी, पॅकेज ३० दिवस आधी. दाखवलेल्या भाड्यावर १२.५ टक्के कर चढतो. सवलतीत ‘किमान इतक्या रात्री’ अशी अट असेल तर ती प्रत्येक बुकिंगला स्वतंत्र लागते. चार आणि तीन असे तुकडे केले की पाच रात्रींची सवलत दोन्हीकडून हुकली.

आणि मुख्य गोष्ट. आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या स्वीटमध्ये सहा जण बसतात, दोन बाथरूम आहेत. लॉजच्या साध्या खोलीत चारच. म्हणजे तिथे दोन खोल्या! तुमच्या बेतात ही रक्कम धरलेली दिसत नाही. किदानीत दोन बेडरूमच्या व्हिलात नऊ जण मावतात, पण रोख भाडं ऐकून परत फिराल. व्हॅकेशन क्लबच्या (डिस्नेची टाइमशेअर योजना, सभासद पॉइंट देऊन खोल्या घेतात) सभासदाकडून पॉइंट भाड्याने घेतले तर स्वस्त पडतं, मात्र असे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

पैसे वाचवायला एक खोली सव्हाना व्ह्यू (बाल्कनीतून प्राणी दिसणारी) आणि एक साधी घ्यायचा मोह होईल. दोन प्रकारच्या खोल्या शेजारी मिळणं कठीण. आजी-आजोबा एका टोकाला आणि नातवंडं दुसऱ्या टोकाला होतील.

आकाशपाळणा:
चार-तीनचा आकडा ठरवण्याआधी कुठलं पार्क कुठून करायचं ते ठरवा, रात्री आपोआप वाटल्या जातात.

आर्ट ऑफ ॲनिमेशनला स्कायलायनर, म्हणजे दोरावरचे पाळणे (रोपवे), आहे. शेजारच्या पॉप सेंच्युरी हॉटेलाबरोबर सामाईक स्टेशन, मधल्या तळ्याच्या पुलावर. कॅरिबियन बीच हॉटेलला उतरून बदली: एक दोर हॉलिवूड स्टुडिओजला, दुसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटला. एपकॉटला तो मुख्य दाराशी न नेता मागच्या इंटरनॅशनल गेटवेशी सोडतो, म्हणजे थेट वेगवेगळ्या देशांच्या मंडपांत. तेव्हा ही दोन पार्कं पहिल्या मुक्कामात उरका. पाळणा चालता असतानाच चढायचं असतं, पण व्हीलचेअर किंवा सावकाश चालणाऱ्यांसाठी स्टेशनात थांबवलेले पाळणे असतात. सासूबाईंसाठी तिथल्या माणसाला सांगा. विजा चमकू लागल्या की स्कायलायनर बंद, मग बस.

लॉजवरून सगळीकडे फक्त बस. ॲनिमल किंगडम पार्क जवळ, मॅजिक किंगडम लांब.

आता बदलीचा दिवस. एका हॉटेलातून दुसऱ्याला थेट बस नसते, पार्क किंवा डिस्ने स्प्रिंग्सवरून (डिस्नेचा दुकानं-हॉटेलांचा भाग) जावं लागतं. ही अडचण नाही, हाच उपाय आहे. त्या दिवशी ॲनिमल किंगडम ठेवा. सकाळी बॅगा बेल सर्व्हिसेसला, आर्ट ऑफ ॲनिमेशनहून बसने पार्कात, आणि ते पार्क बहुधा इतरांआधी बंद होतं, तेव्हा दुपारी-संध्याकाळी तिथूनच लॉजची बस. दिवस अजिबात वाया जात नाही. हॉटेलच्या पाहुण्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो तो चेक-इन आणि चेक-आउट दोन्ही दिवशी, त्यामुळे मध्ये खंड पडत नाही. तो अर्धा तास तिथल्या फ्लाइट ऑफ पॅसेज या राइडला घालवा.

क्रम बरोबर आहे, महाग हॉटेल शेवटी. उलटं केलंत तर मुलं उरलेले चार दिवस ‘जिराफ कुठे गेले’ विचारत बसतील. वार मात्र बघा. शुक्रवार-शनिवारचं भाडं सहसा चढं असतं, ते स्वस्त हॉटेलात काढा आणि लॉज रविवारपासून पुढे घ्या. लॉज डिलक्स गटात असल्यामुळे ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर दोन तास जादा मिळतात. त्या बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी असतात, कॅलेंडरवर पाहा. चार वर्षांच्या मुलाला घेऊन रात्री अकराला रांगेत उभं राहणार असाल तर धन्य आहे.

ऑक्टोबरात मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीन पार्टीच्या रात्री असतात. त्याचं तिकीट वेगळं, आणि नेहमीच्या तिकीटवाल्यांना सहा वाजता बाहेर काढतात. रात्रीची आतषबाजी बघायची असेल तर पार्टी नसलेला दिवस निवडा.

सावकाश_चला:
माझं मत वेगळं. सहा माणसं, दोन खोल्या, दुखरे गुडघे आणि तीनच रात्री, यासाठी बिऱ्हाड हलवू नये. बदली म्हणजे सामान भरणं दोनदा, खोली लावणं दोनदा, खाण्याची जागा शोधणं दोनदा. त्यात जांबो हाउसचे कॉरिडॉर चांगलेच लांब आहेत. सव्हानाची खोली टोकाच्या विंगमध्ये मिळाली तर लॉबीपर्यंतच सासूबाई दमतील. गेलातच तर बुकिंगमध्ये ‘लिफ्टजवळची खोली’ अशी विनंती आत्ताच नोंदवा.

सातही रात्री आर्ट ऑफ ॲनिमेशनला राहा. ॲनिमल किंगडमच्या दिवशी बसने लॉजवर जाऊन किदानीतल्या सानामध्ये जेवा. मोठ्या खिडक्यांबाहेरच प्राणी चरत असतात. जांबो हाउसच्या मागे प्राणी बघायला सगळ्यांसाठी जागा आहे, खोली घ्यावी लागत नाही. ऊन उतरल्यावर जा.

चिंचेचं_बन:
दोन खोल्यांचा मुद्दा खरंच सुटला होता. सव्हानाच्या दोन खोल्या दोनच रात्रींसाठी घेतल्या तर? आणि मोठ्यांपैकी काहींना युनिव्हर्सलही (ऑरलँडोतली दुसऱ्या कंपनीची पार्कं) करायचंय. तिथे असं विभागून राहण्यात अर्थ आहे का?

हिशेबी_माणूस:
दोन रात्री पुरेत. दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी मिळतात. मधला दिवस पार्कचं तिकीट न वापरता लॉजवरच काढा, नाहीतर सव्हानाचे पैसे देऊन खोली रिकामी ठेवल्यासारखं होतं.

आकाशपाळणा:
युनिव्हर्सलला विभागण्याचं कारण वेगळं, आणि हिशेबाने तिथेच ते जास्त पटतं. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीवर नोंदवलेल्या प्रत्येकाला एक्सप्रेस अनलिमिटेड (राइडची लांब रांग टाळायचा पास) फुकट मिळतो, आणि तो चेक-इन व चेक-आउट दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. सकाळीच हॉटेलात जाऊन चेक-इन करा. खोली चारला मिळेल, पास आधीच मिळतो. दुसऱ्या दिवशी ११ ला खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवा आणि पार्क बंद होईपर्यंत पास वापरा. उरलेल्या रात्री एंडलेस समरसारख्या स्वस्त हॉटेलात. हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरपुरताच आहे. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला तो लागू नाही, आणि तिथल्या दाराशी असलेल्या हेलिओस ग्रँडमध्ये महाग खोली घेतलीत तरी एक्सप्रेस मिळत नाही.

धाकट्याच्या उंचीला तिथल्या बऱ्याच राइड बसणार नाहीत. मोठ्यांनी आळीपाळीने बसायचं तर रांगेच्या सुरुवातीलाच ‘चाइल्ड स्वॅप’ सांगा. डिस्ने ते युनिव्हर्सल सामान कोणी नेत नाही, टॅक्सीतून आपणच न्यायचं. साधारण २०-२५ मिनिटं लागतात. सहा जण आणि बॅगा, तेव्हा मोठी गाडी मागवा.

सावकाश_चला:
सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची किंवा स्कूटर लागेल. पार्कात भाड्याने मिळते ती त्या पार्काबाहेर नेता येत नाही, रोज नवी घ्यावी लागते आणि गर्दीच्या दिवशी सकाळीच संपते. बाहेरच्या कंपनीकडून पूर्ण मुक्कामासाठी घ्या. बुकिंग करतानाच सांगा की घेणार एका हॉटेलात आणि परत करणार दुसऱ्यात. बदलीच्या दिवशी ती बॅगांबरोबर देऊ नका, सोबत पार्कात न्या. डिस्नेच्या बसमध्ये ती चढते, आणि रात्री चार्जर लागतो म्हणून तो सॅकमध्ये ठेवा.

सानाचं टेबल ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच धरा. शाकाहारी असाल तर तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा: नान, कुलचा, पनीर पराठा आणि वर चटण्या, रायतं. सहा जणांत एक पुरत नाही, दोन सांगा.