शाळेच्या तालवाद्य पथकासाठी तयार लिहिलेले शो-संगीत विकत घ्यावे का?

प्रश्न : संगीतशिक्षिका, सिंहगड रस्ता

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगीत शिकवते आणि शाळेच्या बँड पथकाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनापलीकडे जाऊन, डिसेंबरातील स्नेहसंमेलनात शाळेच्या सभागृहात सुमारे सहा मिनिटांचा, केवळ तालवाद्यांचा एक सलग कार्यक्रम बसवावा, असा आमचा विचार आहे. अमेरिकेत विंटर गार्ड इंटरनॅशनल या संस्थेच्या स्पर्धांमध्ये शाळांची इनडोअर परकशन पथके बंदिस्त क्रीडागृहात संगीत, हालचाल आणि एखादे कथासूत्र एकत्र गुंफून जे सादरीकरण करतात, त्याच्या चित्रफिती पाहून मुले भारावून गेली आहेत आणि त्यांचा हा उत्साह वाया जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे सहा साइड ड्रम, दोन टेनर ड्रम, वेगवेगळ्या आकारांचे तीन बेस ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, दोन बेल लायरा (हातात धरून वाजवायचे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) आणि एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. ढोल-ताशा पथकांत वाजवणारे आमचे काही माजी विद्यार्थीही चार ढोल आणि दोन ताशे घेऊन यायला तयार आहेत. परदेशी प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर पूर्ण शोचे संगीत तयार मिळते. त्यात स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे एकत्रित लेखन, प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र पार्ट आणि ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण असते. मुख्याध्यापिकांनी मर्यादित खर्चाला तत्त्वतः मान्यता दिली आहे. परंतु ते संगीत आमच्या वाद्यांना जुळेल का, त्यात बदल करण्याची मुभा असते का, आणि विकत घेतल्यावर नेमके कोणते हक्क मिळतात, हे मला समजून घ्यायचे आहे. पालकांच्या वर्गणीतून आलेला पैसा असल्याने निर्णय घाईने घ्यायचा नाही.

उत्तर १ : तालशिक्षक, निगडी

आपण वाद्यांची यादी दिलीत हे फार चांगले केलेत, कारण अनेक पथके ध्वनिमुद्रण ऐकून आधी संगीत ठरवतात आणि वाद्यांचा विचार नंतर करतात. अशा शोचे दोन विभाग असतात. अंगावर अडकवून चालत वाजवायच्या वाद्यांचा विभाग म्हणजे बॅटरी, आणि समोर एका जागी मांडलेला विभाग म्हणजे फ्रंट एन्सेम्बल. मरिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन यांसारखी पट्ट्यांची स्वरवाद्ये, टिंपनी, सिंथेसायझर ही सारी वाद्ये दुसऱ्या विभागात येतात आणि संगीताचा गाभा, म्हणजे चाल आणि स्वरसंगती, मुख्यतः तिथेच असतो. मरिंबाचे पार्ट पुष्कळदा दोन्ही हातांत दोन-दोन मॅलेट (गोल टोकाच्या काठ्या) धरून वाजवण्यासाठी लिहिलेले असतात. एका मॅलेटने वाजवायच्या बेल लायरावर ते उतरणार नाहीत. कीबोर्डवर मरिंबाचा आवाज लावून काही भाग निभावता येईल, पण ज्या शोमध्ये चार-पाच स्वरवाद्ये अनिवार्य आहेत, तो शो आपण बाजूला ठेवावा, हे बरे.

बॅटरीतही बेस ड्रमचा पार्ट सर्वांत आधी उघडून पाहावा. आपल्याकडे संचलनात बेस ड्रम पावलाचा ठोका धरतो; तिकडच्या लेखनात वेगवेगळ्या सुरांत लावलेले चार-पाच बेस ड्रम मिळून एकच ओळ वाजवतात. एका मात्रेचे चार भाग केले, तर पहिला ठोका सर्वांत लहान ड्रमवर, दुसरा त्याहून मोठ्यावर, तिसरा त्याच्या शेजाऱ्याकडे अशी ती ओळ उतरत जाते आणि प्रत्येक वादकाच्या वाट्याला त्यातला एखादाच ठोका येतो. पाच ड्रमसाठी लिहिलेली अशी ओळ तीन वादकांत वाटायची, तर ती जवळजवळ नव्याने लिहावी लागते. म्हणून तीन किंवा चार बेस ड्रमसाठीच लिहिलेले, नवशिक्या पथकांच्या श्रेणीतले संगीत शोधावे. असे संगीत भरपूर उपलब्ध आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा प्रश्न ड्रमच्या पानांचा, म्हणजे त्यावर ताणून बसवलेल्या पडद्यांचा. तिकडच्या मार्चिंग स्नेअरवर, म्हणजे संचलनातल्या साइड ड्रमवर, केवलारसारख्या धाग्याचे पान अतिशय ताणून बसवलेले असते, त्यामुळे काठी टेबलावर आपटल्यासारखी उसळते आणि वेगवान रोल, म्हणजे सलग जलद ठोके, स्वच्छ ऐकू येतात. मेरठहून येणारे शाळांचे नेहमीचे साइड ड्रम तेवढा ताण सोसण्यासाठी बनवलेले नसतात. जबरदस्तीने ताणले तर कडी वाकते. अशा ड्रमवर दर मिनिटाला १६० मात्रांच्या लयीतले दाट लेखन गढूळ होते, मग वादक कितीही तयारीचा असो. संकेतस्थळावर स्कोअरची नमुना पाने पाहायला मिळतात. त्यांतले सर्वांत दाट पान निवडा, आपल्या दोन चांगल्या मुलांना मेट्रोनोमवर दोन तृतीयांश लयीत वाजवायला सांगा आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीजवळ उभे राहून ऐका. तिथे फ्लॅम (मुख्य ठोक्याला लागून आधी येणारा हलका ठोका) आणि साधा ठोका यांतला फरक कळत नसेल, तर ते संगीत घेऊ नये.

नमुना ध्वनिमुद्रण बहुतेकदा व्हर्च्युअल ड्रमलाइनसारख्या संगणकीय ध्वनिसंग्रहातून तयार केलेले असते, हेही लक्षात असू द्यावे. त्यात प्रत्येक ठोका बिनचूक पडतो आणि आवाजांचा समतोल हवा तसा राखता येतो, त्यामुळे प्रत्यक्ष मुलांनी केलेल्या सादरीकरणाची चित्रफीत मिळाली, तर निर्णय तिच्यावरून घ्यावा. खरेदीपूर्वी फाइल कोणत्या स्वरूपात मिळणार, हेही विचारावे. फिनाले या संगीतलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आला. केवळ त्याची फाइल हाती आली तर पुढे अडचण होईल. पीडीएफसोबत म्युझिक-एक्सएमएल, म्हणजे वेगवेगळ्या संगीतलेखन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल, मिळत असेल, तर म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उघडता येते.

उत्तर २ : स्वामित्वहक्क सल्लागार, डेक्कन

बदल आणि हक्क यांबद्दल लिहिते. संगीत विकत घेणे याचा अर्थ बहुतेक वेळा एका पथकाला वापराचा परवाना मिळणे, एवढाच असतो. त्या परवान्यात साधारणपणे आपल्याच वादकांपुरत्या प्रती काढण्याची आणि ठरावीक प्रकारच्या सादरीकरणाची मुभा असते. शेजारच्या शाळेला पार्ट देणे किंवा दोन रचनांचे तुकडे एकत्र करून नवा शो रचणे त्यात बसत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सांगीतिक कृतीची कोणतीही नवी मांडणी किंवा रूपांतर हे ‘अ‍ॅडाप्टेशन’ ठरते आणि तो हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. त्यामुळे ढोल-ताशाचे पार्ट जोडण्यापूर्वी किंवा बेस ड्रमची ओळ तीन वादकांत वाटण्यापूर्वी प्रकाशकाला साधा ईमेल पाठवून लेखी संमती घ्यावी. वाद्ये कमी आहेत म्हणून केलेले किरकोळ बदल अनेक लेखक आनंदाने मान्य करतात. मात्र ती मान्यता कागदावर असली पाहिजे.

शाळेतील सादरीकरणाला कायद्याने काही संरक्षण दिलेले आहे. कलम ५२ मध्ये, शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून तेथील शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेले सादरीकरण, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरते मर्यादित असतील, तर हक्कभंग मानले जात नाही. आपले स्नेहसंमेलन या वर्णनात बसण्यासारखे आहे, परंतु माजी विद्यार्थी वाजवणार असल्याने तो मुद्दा परवान्यातच स्पष्ट करून घेणे सुरक्षित आहे. तिकीट लावून बाहेरच्या नाट्यगृहात प्रयोग करणे, किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रासोबत संगीत जोडण्याची परवानगी सादरीकरणाच्या परवान्यात आपोआप येत नाही, म्हणून ती आरंभीच मागावी. पालक आपापल्या फोनवर चित्रण करून समाजमाध्यमांवर टाकतातच. त्यांनाही आधी सूचना द्यावी.

तयार शोमध्ये एखाद्या प्रसिद्ध गाण्याची चाल असेल, तर प्रकाशकाने तिची परवानगी घेतलेली आहे का, हे पाहावे. नामांकित प्रकाशक ती माहिती स्कोअरच्या पहिल्या पानावर छापतात. आपण स्वतः एखादे मराठी गीत गुंफण्याचा विचार करत असाल, तर गाणे जुने आहे म्हणून ते मुक्त आहे, असे समजू नये. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा, गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीताचे संगीतकार श्रीनिवास खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले. रचनाकाराच्या निधनानंतर पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजली, तर त्यांच्या चालीवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत चालतो. परंपरेने आलेल्या आणि कर्ता अज्ञात असलेल्या चालींना ही अडचण नाही.

उत्तर ३ : ढोलवादक, सदाशिव पेठ

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरीही मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. सहा मिनिटे पूर्ण परक्या लेखनाने भरण्यापेक्षा बॅटरीसाठी लिहिलेली एक-दोन मिनिटांची छोटी, स्वतंत्र रचना विकत घ्यावी आणि उरलेला कार्यक्रम लेझीम, ढोल आणि ताशा यांच्या पारंपरिक हातांवर, म्हणजे ठरलेल्या तालरचनांवर, उभा करावा. ताशाच्या तर्रीवर (सलग जलद ठोक्यांवर) साइड ड्रमचा रोल चढवला, तर दोन्ही वाद्यांचे नाते मुलांच्या कानाला लगेच कळते, आणि हे शिकवायला आपल्याच शाळेतून गेलेले वादक हाताशी आहेत. पुण्यात तालाचे एवढे धन असताना शाळेच्या मुलांनी ते बाजूला ठेवून केवळ दुसरीकडचे वाजवावे, याचे मला वाईट वाटते. विकतच्या रचनेचाही लाभ आहेच, कारण आरंभ, विराम, हळू-मोठा आवाज आणि शेवट यांची जी आखणी शिस्तबद्ध लेखनात असते, ती आपल्या पथकांनी शिकण्यासारखी आहे.

दोन व्यावहारिक बाबी. बंद सभागृहात चार ढोल एकाच वेळी पूर्ण जोराने वाजले, तर बेल लायरा अजिबात ऐकू येणार नाही आणि पुढच्या रांगेतल्या लहान मुलांच्या कानांना त्रास होईल. दोनच ढोल ठेवावेत, ते रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभे करावेत आणि पानावर जाड कापड बांधून आवाज आवरावा. पूर्ण आवाज केवळ शेवटच्या भागासाठी राखून ठेवावा. दुसरे असे की, ढोल-ताशा पथकांतले वादक अनंत चतुर्दशीपर्यंत पथकाच्या सरावात गुंतलेले असतात. त्यांच्या भरवशावर तालमी आधी लावू नयेत. शाळेच्या मुलांचे पार्ट तोवर पक्के करून घ्यावेत आणि दसऱ्यानंतर दोघांना एकत्र आणावे.

संगीतशिक्षिका, सिंहगड रस्ता

आपल्या सर्वांची मी मनःपूर्वक आभारी आहे. पूर्ण शो न घेता तीन बेस ड्रमसाठीची एक छोटी रचना घ्यावी आणि पुढील भाग लेझीम व ढोल-ताशावर बांधावा, असे मी मुख्याध्यापिकांना सुचवणार आहे. प्रकाशकाला पाठवायच्या ईमेलचा मसुदाही आजच तयार करते. एक शंका उरते. आमच्या निम्म्या मुलांना नोटेशन वाचता येत नाही. त्यांच्यासाठी विकतचे पार्ट निरुपयोगी ठरतील का?

तालशिक्षक, निगडी

निरुपयोगी ठरणार नाहीत, पण ते मुलांच्या हाती थेट देऊ नयेत. प्रत्येक ओळीला आधी बोल द्या. उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळी अक्षरे ठेवा, फ्लॅमला जोडाक्षर द्या आणि मुलांनी ती ओळ काठ्या खाली ठेवून, पावले टाकत, तोंडाने म्हटल्याशिवाय ड्रमला हात लावू देऊ नका. ताशा शिकलेल्या मुलांना ही पद्धत अंगवळणी पडलेली असते, म्हणून त्यांना प्रत्येक गटात एक-एक बसवा. बोल पक्के झाल्यावर त्याच ओळीचे नोटेशन फळ्यावर लिहून दाखवा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या ४० रुडिमेंट्सपैकी (ड्रमवादनातल्या मूलभूत ठोक्यांच्या नमुन्यांपैकी) त्या रचनेत येणारे तेवढेच निवडले, तरी मुलांना ती चिन्हे ओळखता येऊ लागतात. पैसे भरण्याआधी शाळेच्या हिशेबनीसांना विचारून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या आणि पावती शाळेच्या नावाने मागा, कारण परवानाही त्याच नावाने नोंदवला जातो.