फोटॉनचा क्वांटम संगणक: शीतपेटी लागत नाही म्हणे!

गोदाकाठचा:
काल गंगापूर रोडला एका व्याख्यानात ऐकलं की प्रकाशावरचा क्वांटम संगणक साध्या तापमानाला चालतो. पटलं बुवा. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, वाटेत कुणाशी भिडत नाही, म्हणून त्याची अवस्था टिकते. ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, फिरवायचं तर वेव्हप्लेट नावाची स्फटिकाची चकती पुरते. आपल्याकडे पैसा इथेच लावावा.

सातपूरकर:
भिडत नाही, हेच तर दुखणं आहे! दोन क्यूबिटचं (क्वांटम माहितीच्या एककांचं) गेट, म्हणजे गणिताची एक पायरी, हवी तर एकाचा दुसऱ्यावर परिणाम व्हायला नको? 2001 मध्ये निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी बीम स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारी काच) आणि डिटेक्टरवर भागवता येतं हे दाखवलं, पण ते गेट नशिबावर चालतं. फसलं की पुन्हा मांडा. आणि एकेक फोटॉन टिपणारे सर्वोत्तम डिटेक्टर अतिवाहक तारेचे असतात, 2-3 केल्व्हिनवर, म्हणजे उणे 270 सेल्सिअसच्या आसपास. शीतपेटी आलीच की.

सिडकोवाली:
सातपूरकर, भिडत नसतील, पण हाँग, ओऊ आणि मँडेल यांचा 1987 चा प्रयोग आठवा. अगदी सारखे दोन फोटॉन एकाच वेळी बीम स्प्लिटरवर आले की दोघं जोडीनेच एका दाराने बाहेर पडतात. एमएस्सीला हे केलंय मी. मायक्रोमीटरचा स्क्रू केसभर फिरवत बसायचं, दोन्ही फोटॉनच्या वाटांची लांबी जुळली की दोन्ही डिटेक्टर एकदम वाजणं धाडकन कमी होतं. त्या दिवशी जेवणसुद्धा विसरले होते. (शेजारून कुणी दार आपटलं की सगळं पहिल्यापासून.)

द्राक्षबागवाला:
गळतीचं कुणीच बोलत नाही. उत्तम फायबरात 1550 नॅनोमीटरला किलोमीटरमागे 0.2 डेसिबल जातात (10 डेसिबल गेले की दहावा हिस्सा उरतो). नाशिक-मुंबई 170 किलोमीटर धरा, म्हणजे 34 डेसिबल. 10,000 सोडले तर 4 पोहोचणार. कसाऱ्यालाच 95 टक्के गारद! वाटेत अॅम्प्लिफायर लावावा तर अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही.

गोदाकाठचा:
अहो, ते संदेशवहनाचं झालं. संगणक चिपवर असतो, वाट सेंटीमीटरची.

द्राक्षबागवाला:
सेंटीमीटरचीच, पण चिपवर दर सेंटीमीटरची गळती फायबरच्या कितीतरी पट जास्त. वर फायबर चिपला जोडताना गळतं ते वेगळंच.

गोदाकाठचा:
मग चीनच्या जिउझांग या फोटॉनवरच्या संगणकाने 2020 मध्ये 76 फोटॉन टिपले, ते कसे?

सातपूरकर:
टिपले, मान्य. पण तो बोसॉन सॅम्पलिंगचा, म्हणजे फोटॉन कुठल्या कुठल्या दारांनी बाहेर पडतात त्याचे नमुने काढण्याचा, एकच खेळ खेळतो, हवा तो प्रोग्रॅम त्यावर चालत नाही. पैसा आधी डिटेक्टर आणि फोटॉनचे स्रोत घडवण्यात लावा, संगणकाची पाटी नंतर रंगवू.

सिडकोवाली:
स्रोतांबाबत सहमत. एमएस्सीच्या त्या प्रयोगात आमच्या स्फटिकातून लेझरच्या अब्जावधी फोटॉनमागे फोटॉनची एखादी जोडी निघायची, तीही कधी निघेल ते सांगता यायचं नाही.