पोट दाबून बाळंतपण: याला मदत म्हणू नका

रानमोगरी:
काल इथे एक पोस्ट वाचली, "आमच्या वेळी सिस्टर स्टुलावर चढून पोट दाबायची, दोन कळांत बाळ बाहेर. आताच्या मुली नाजूक आणि डॉक्टरांना सिझरची घाई." खाली नुसता बदामांचा पाऊस. डोकंच तापलं म्हणून सविस्तर लिहितेय. कळ आली की वरून पोट रेटायचं हे क्रिस्टेलर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६७ मध्ये लिहून ठेवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की बाळ बाहेर काढायला असं दाबू नका. बरगडीला इजा होऊ शकते, खालची फाट वाढू शकते, आधीचं सिझर असेल तर गर्भपिशवीच फाटायची भीती. माझ्या पहिल्या वेळी लेबर रूममधल्या मावशींनी (सिस्टरनी पण नाही, मावशींनी!) कोपर रोवून असं रेटलं की मला श्वास घेता येईना, विचारणं नाही सांगणं नाही, वर "ओरडू नकोस, सगळ्यांनाच होतं." नंतर कितीतरी दिवस कुशीवर वळलं की बरगडीत चमक यायची आणि कागदावर काय, तर नॉर्मल डिलिव्हरी. दाबल्याची ओळसुद्धा नाही.

घाटमाथा:
ताई, तुमचा त्रास मान्य. पण माझी आजी सुईण होती, अर्धा गाव तिच्या हातावर जन्मला. पोटाला हात न लावता तिला मूल आडवं की पायाळू हे कळलं असतं का? सगळं जुनं ते वाईट, हे चालू झालं की माझं डोकं फिरतं.

लेबररूम सिस्टर:
घाटमाथा, चाचपणं वेगळं आणि रेटणं वेगळं. तुमच्या आजीचा हात बघत होता, कोपर बघत नाही. कधी कधी डोकं बाहेर येतं आणि कासवासारखं परत आत ओढलं जातं, म्हणजे खांदा अडकला. तेव्हा वरून दाबलं तर तो आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अजून घट्ट बसतो. आम्ही मदतीला हाक मारतो, बाईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडून धरतो (मॅक्रॉबर्ट्स म्हणतात), आणि दुसरी सिस्टर ओटीपोटाच्या खाली, हाडाच्या लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने तळहाताने दाब देते. बऱ्याचदा एवढ्यावर खांदा सुटतो. डोकं ओढत बसलं तर मानेजवळच्या नसा ताणून बाळाचा हात लुळा पडू शकतो. आणि रानमोगरी, हेही लिहा की वार पडल्यावर पिशवी मऊ लागून रक्त जायला लागलं तर ती चोळावीच लागते. दुखतं, पण तेव्हा हात आवरला तर बाई जाते. नाहीतर उद्या बाया येऊन सांगतील पोटाला हात लावू नका.

रानमोगरी:
हे पटलं. पण चोळताना "आता दुखेल, रक्त थांबवायचंय" एवढं बोलायला किती वेळ लागतो?

जुनंसोनं:
ती पोस्ट माझीच. माझी तिन्ही बाळंतपणं अशीच झाली, मुलं धडधाकट आहेत. घरचं माणूस आत असतं तर मावशीने कोपर लावलं असतं का? खरा मुद्दा तो आहे!

पेठेतला बाबा:
अगदी! मला दाराबाहेर उभं केलं, बायकोचा आवाज ऐकू येत होता आणि वॉचमन म्हणतो चहा पिऊन या. बाप आहे मी, चोर नाही.

लेबररूम सिस्टर:
दादा, एका खोलीत चार टेबलं, मध्ये पडदा नाही. तुम्ही आत आलात तर शेजारच्या तिघींनी काय करायचं?

पेठेतला बाबा:
मग पडदा लावा ना! ती माझी चूक आहे का?

लेबररूम सिस्टर:
माझी आहे? रात्रपाळीला मी एकटी असते. पडदे मागून मागून थकलो आम्ही. आणि २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाईमाणूस सोबत ठेवायची परवानगी आहे, आई, सासू, बहीण. तुम्ही कुणाला पाठवलंत?

पेठेतला बाबा:
कुणी सांगितलंच नाही!! अख्ख्या रात्रीत एकाने तोंड उघडलं नाही.

घाटमाथा:
सासू नको हो आत. आमच्याकडे सासूच म्हणाली होती, "दाबा अजून जोरात."

जुनंसोनं:
सासवांवर घसरायची गरज नाही. दाबणं चूक असेल, बरं, चूक. पण खाजगीतल्या सिझरच्या बिलावर कुणी बोलत नाही.

रानमोगरी:
काकू, बोलू, त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिली येते. पण दाबल्याने सिझर टळतं हे कृपा करून परत लिहू नका, आठव्या-नवव्या महिन्यातल्या मुली इथे वाचतायत. मुलींनो, सोबत कोण येणार हे आधीच विचारून ठेवा, आणि कुणी वरून रेटायला लागलं तर सोबतच्या बाईने तिथेच म्हणायचं, थांबा, डॉक्टरांना बोलवा.

लेबररूम सिस्टर:
म्हणा. पण मांड्या दुमडून धरा म्हटलं की तेव्हा मात्र प्रश्न न विचारता धरा, खांदा अडकल्यावर हातात मोजकी मिनिटं असतात.